अ‍ॅव्हरेज १७ वरून साडेचौदावर आलंय, नेमकं कुठे शोधायचं?

निळीहॅचबॅक

नमस्कार मंडळी. माझी पेट्रोल हॅचबॅक आहे, मॅन्युअल, काही वर्षं वापरलेली, आजवर कधी त्रास नाही. सुरुवातीपासून १७ च्या आसपास अ‍ॅव्हरेज द्यायची, कधी साडेसोळा कधी साडेसतरा, पण त्याच्या बाहेर फारशी जायची नाही. गेल्या काही महिन्यांत घसरत घसरत १४.५ वर आलीये. डिस्प्लेवर अजून १५.८ वगैरे दिसतं पण मी टाकी फुल्ल टू फुल्ल धरते आणि त्यात १४.५ च येतं.

मधल्या काळात काय काय बदललं ते सांगते. चारही टायर नवीन टाकले, साइज तीच, कंपनी वेगळी. सर्व्हिसिंग झालं, त्यात ऑइल आणि एअर फिल्टर बदलला. थंडी सुरू झाली. आणि माझं ऑफिस बदललं, आधी रोज हायवेने लांब जायचे, आता ऑफिस जवळ आहे आणि जाताना मुलीला शाळेत सोडते. चालवायची पद्धत तीच, मी काही गाडी पळवत नाही.

गाडीत वेगळं काही जाणवत नाही, पिकअप ठीक, आवाज नाही, मीटरवर कुठलाही लाइट पेटलेला नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं तर म्हणाले इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे नोझल) क्लीनिंग करून टाका, आणि हल्ली पेट्रोलच तसं येतं. मला खर्च करायला हरकत नाही हो, पण कशासाठी करतोय ते आधी कळायला हवं. जाणकारांनी सांगा, सुरुवात कुठून करू?

---

आकडेमोड

सुरुवात आकड्यापासून करा, गाडी उघडायची घाई नको. तुम्ही फुल्ल टू फुल्ल धरताय हे उत्तमच आहे, पण त्यातही एक गोची असते. नोझल आपोआप कट होतं ते प्रत्येक वेळी टाकीतल्या त्याच पातळीला होत नाही, पंप वेगळा, मशीन वेगळं, गाडी जरा तिरकी उभी, पेट्रोलचा फेस जास्त, एवढ्यानेही लिटर-दीड लिटरचा फरक सहज पडतो. आता समजा तुम्ही दर वेळी २० लिटरच भरता, तर एक लिटरची चूक म्हणजे ५ टक्के, म्हणजे १७ चं एकदम १६.२ दिसू शकतं आणि पुढच्या वेळी तेच १७.९ दिसेल, गाडीत काहीही न होता. म्हणून एका टाकीच्या आकड्यावर कधीच जाऊ नका.

उपाय सोपा आहे. वहीत किंवा मोबाइलमध्ये दर वेळी फक्त दोन गोष्टी लिहा, ओडोमीटर आणि लिटर. मग पहिली फुल्ल सोडून पुढच्या चार-पाच टाक्यांचे (शेवटची धरून) सगळे लिटर एकत्र करा आणि पहिल्या फुल्लपासून शेवटच्या फुल्लपर्यंतच्या एकूण किलोमीटरला त्याने भागा. मधल्या कमीजास्त भरण्याच्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात, उरते फक्त पहिल्या आणि शेवटच्या वेळची, आणि ती १००-१५० लिटरमध्ये पसरली की नगण्य. पहिला कट झाल्यावर थांबायचं, वरून अजून थोडं थोडं भरून आकडा गोल करायचा नाही, त्याने हिशोबही बिघडतो आणि पेट्रोलच्या वाफा साठवायचा जो कॅनिस्टर असतो त्यात पेट्रोल जाऊन तो खराब होतो तो वेगळाच.

दुसरं म्हणजे प्रत्येक टाकीचं आलेलं अ‍ॅव्हरेज घेऊन त्यांची परत सरासरी काढू नका, बरेच जण असं करतात. ६० किमी १२ च्या अ‍ॅव्हरेजने गेलात, ५ लिटर लागलं. पुढचे ६० किमी २० च्या अ‍ॅव्हरेजने गेलात, ३ लिटर लागलं. एकूण १२० किमी, ८ लिटर, म्हणजे १५. पण १२ आणि २० ची सरासरी काढली तर १६ येते. हा १ कुठून आला म्हणून माणूस डोकं धरून बसतो.

आणि शक्य असेल तर १०० किमीला किती लिटर असा विचार करायची सवय लावा. तुमचं आधी १७.२ धरलं तर १०० किमीला ५.८ लिटर लागत होतं, आता १४.५ म्हणजे ६.९. वाढलं १.१ लिटर. आता प्रश्न एवढाच उरतो की हे १.१ लिटर कुठे जातंय, आणि लिटरमध्ये असलं की त्याचे तुकडे करून बेरीज करता येते, किमी प्रति लिटरमध्ये ती करता येत नाही. १० वरून १२ वर गेलेली गाडी १०० किमीला १.७ लिटर वाचवते आणि २० वरून २५ वर गेलेली फक्त १, ऐकायला उलटं वाटतं पण हिशोब करून बघा.

डिस्प्लेचं म्हणाल तर तो इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले त्यावरून पेट्रोलचा अंदाज करतो. बऱ्याच गाड्यांमध्ये तो ५ ते १० टक्के जास्तच दाखवतो. तुमचा १५.८ आणि खरा १४.५, म्हणजे साधारण ९ टक्के. पूर्वी १७ येत होतं तेव्हा डिस्प्ले काय दाखवायचा हे आठवतंय का? तेव्हाही १८.५ च्या आसपास दाखवत असेल तर तुमचं मोजमाप बरोबर आहे आणि पेट्रोल खरंच जास्त जातंय.

---

टर्बोलॅग

+१. आणि पेट्रोलचंही बघा, सर्व्हिस सेंटरवाले अगदीच चूक बोलत नाहीयेत. इथेनॉल मिसळलेलं असेल तर लिटरमागे ऊर्जा कमी मिळते, एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल आणि इथेनॉलमध्ये २१. म्हणजे १० टक्के मिश्रण असेल तर साडेतीन टक्क्यांच्या आसपास फटका, २० टक्के असेल तर सातच्या आसपास. पंपावर लिहिलेलं असतं. आधी एक मिश्रण होतं आणि आता दुसरं असेल तर तेवढा फरक कायमचाच धरून चाला, तो इंजेक्टर धुवून परत येणार नाही.

---

निळीहॅचबॅक

आकडेमोड, खूप खूप धन्यवाद, एवढं व्यवस्थित कुणी सांगितलं नव्हतं. हो, पूर्वी डिस्प्ले १८.५-१९ दाखवायचा, त्याचा फोटोच आहे माझ्याकडे. आणि नोंदी माझ्याकडे आहेत, सगळ्या एकत्र करून काढलं तर आधीचं १७.२ आणि आत्ताचं १४.५ बरोबरच आहे.

टर्बोलॅग, पंप तोच आहे आणि मिश्रणही तेच आहे, आधी आणि आता. त्यामुळे ते बाद.

---

पानापकड

मी गाड्यांची कामं करतो, बरीच वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अ‍ॅव्हरेज पडलं की लोक लगेच इंजिनाकडे बघतात. पण आधी हे वेगळं करायचं की गाडी बदलली की गाडीचं काम बदललं. तुमच्या केसमध्ये दोन्ही एकाच वेळी बदललंय म्हणून गोंधळ होतोय.

कामाचं आधी बोलू. हायवेचा लांबचा रस्ता जाऊन जवळच्या खेपा आल्या, हे एकटंच खूप मोठं आहे. इंजिन गार असताना ऑइल घट्ट असतं, आतलं घर्षण जास्त, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पण गार इंजिनाला पेट्रोल जास्त सोडतो कारण गार सिलिंडरमध्ये ते नीट वाफ होत नाही. गिअरबॉक्सचं ऑइल आणि टायर गरम व्हायला तर त्याहून वेळ लागतो. लांब जाताना पहिली काही किलोमीटर अशी जातात आणि पुढचा सगळा रस्ता गरम गाडी चालते. तुमची आता गाडी गरम होतेय न होतेय तोवर शाळा आली, तिथे थांबलात, परत निघालात, ऑफिस आलं. म्हणजे दिवसभराचा सगळा प्रवास त्या पहिल्या महागड्या किलोमीटरांचाच. त्यात थंडी. कडाक्याच्या थंडीत, शून्याच्या खाली वगैरे, शहरातलं अ‍ॅव्हरेज १५ टक्क्यांपर्यंत पडू शकतं आणि फारच छोट्या खेपा असतील तर त्याहूनही जास्त.

शाळेसमोर गाडी चालू ठेवून थांबता का? उभी गाडी तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पिते, छोटी गाडी असली तरी, आणि त्या वेळात किलोमीटर शून्य.

आता गाडीकडे. खालच्या गोष्टी घरी बघता येतात, पाना लागत नाही.

हवा. सकाळी गाडी चालवायच्या आधी, टायर गार असताना बघायची, आणि आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून घ्यायचा, टायरच्या बाजूला लिहिलेला असतो तो जास्तीत जास्त दाब असतो, तो नाही. थंडीत हवा आपोआप उतरते, तापमान ५-६ अंश खाली गेलं की साधारण १ पीएसआय. उन्हाळ्यात ३३ भरून ठेवली आणि आता २८ असेल, पंक्चर नसताना. सगळ्या टायरमध्ये ५ पीएसआय कमी असेल तर एखाद टक्का अ‍ॅव्हरेज जातं. फार नाही, पण टायर कडेने झिजतात आणि ब्रेक मारताना गाडी नीट थांबत नाही, त्यासाठी तरी बघाच.

ब्रेक. हे मी स्वतः सगळ्यात जास्त वेळा बघितलंय. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना जाम होतात, पॅड डिस्कला हलकेच घासत राहतो, चालवणाऱ्याला काही कळत नाही. एकदा एक गाडी आली होती, मालकाने प्लग बदलले, फिल्टर बदलला, इंजेक्टर धुतले, अ‍ॅव्हरेज जागचं हललं नव्हतं. मी नुसता चक्कर मारून आलो आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन बघितला, मागचं डावं चाक एवढं तापलेलं की हात ठेववत नव्हता आणि उजवं कोमट. पिन काढली तर गंजून कांडी झालेली, ग्रीसचा मागमूस नाही. साफ केली, ग्रीस लावलं, संपलं. तुम्ही पण असंच करा, दहा-पंधरा मिनिटं जास्त ब्रेक न मारता चालवा, हळूहळू थांबा, आणि डावं-उजवं तुलना करा. डिस्कला हात लावायचा नाही, भाजेल, रिमच्या जवळ न्यायचा फक्त. आणि सपाट मोकळ्या जागेवर अगदी हळू वेगात न्यूट्रल करून बघा गाडी सहज घरंगळते की लगेच अडते.

एअर फिल्टरचं एक सांगतो, इंजेक्शनच्या गाडीत फिल्टर घाण असला तर पिकअप जातो, अ‍ॅव्हरेजवर फारसा फरक पडत नाही, कारण जेवढी हवा येते तेवढंच पेट्रोल ईसीयू सोडतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी होती. तेव्हा नवीन फिल्टरने अ‍ॅव्हरेज वाढेल अशी आशा ठेवू नका, आणि तो बदलल्याने कमी झालं असंही नाही.

ऑइल कुठल्या ग्रेडचं टाकलं ते बिलावर बघा. गाडीला ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० सांगितलेलं असताना कुणी २०डब्ल्यू-५० सारखं घट्ट टाकलं तर एक-दोन टक्के जातात, थंडीत छोट्या खेपांना जास्तच जाणवतं.

इंजेक्टर क्लीनिंग आत्ता करू नका. इंजेक्टर खराब असतील तर गाडी काहीतरी सांगते, आयडलला (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना) थरथरते, अडखळते, सकाळी स्टार्टला त्रास देते. तुमची गप्प आहे.

---

दूरचाप्रवास

मी उतारावर गाडी न्यूट्रल करते, त्याने छान अ‍ॅव्हरेज मिळतं, करून बघा.

---

पानापकड

ताई, हे कृपा करून करू नका. आणि इतर वाचणाऱ्यांनीही. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना एक्सलरेटरवरून पाय काढला की ईसीयू इंजेक्टर पूर्ण बंद करतो, चाकंच इंजिन फिरवत असतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रल केलं की इंजिन बंद पडू नये म्हणून आयडलचं पेट्रोल सुरू होतं. म्हणजे उतारावर गिअरमध्ये शून्य आणि न्यूट्रलमध्ये थोडं तरी. सपाट रस्त्यावर लांबून सिग्नल दिसला तर न्यूट्रलमध्ये गाडी लांब घरंगळते हे खरं, तिथे हिशोब जवळपास सारखा होतो. पण उतारावर इंजिन ब्रेकिंग जातं, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापले की धरत नाहीत. दोन थेंबांसाठी एवढी जोखीम कुणीच घेऊ नये. मी वर जे न्यूट्रल लिहिलं ते सपाट रिकाम्या जागेत, चालायच्या वेगात, फक्त ब्रेक तपासायला.

---

दूरचाप्रवास

हे माहीत नव्हतं, धन्यवाद. आजपासून गिअरमध्येच.

---

आकडेमोड

नवीन टायरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण हा भाग बहुतेकांना माहीत नसतो आणि टायर बदलल्यावर अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून लोक टायरच्या कंपनीला शिव्या देतात.

यात दोन वेगळ्या गोष्टी घडतात. पहिली, नवीन टायरची नक्षी जाड असते, ७-८ मिमी, आणि ती जाडी दर फेरीला दबते-सुटते, त्यात ऊर्जा जाते. झिजलेला टायर उलट हलका फिरतो. शिवाय प्रत्येक मॉडेलचा रबर वेगळा, कुठला ओल्यात पकड चांगली देतो, कुठला हलका फिरतो. हे नुकसान खरं आहे, यात पेट्रोल खरंच जास्त जातं.

दुसरी गोष्ट नुसती आकड्यातली आहे. ओडोमीटर रस्ता मोजत नाही, चाकाच्या फेऱ्या मोजतो. जुना टायर झिजून २ मिमी नक्षीवर आला की नव्यापेक्षा त्रिज्या ६ मिमीने कमी. तुमच्यासारख्या गाडीला चाकाची त्रिज्या २९० मिमीच्या आसपास असते, म्हणजे फरक २ टक्के. लहान चाकाला तेवढ्याच रस्त्याला जास्त फेऱ्या लागतात, म्हणजे जुन्या टायरवर ओडोमीटर १०० किमीला १०२ दाखवत होता आणि तुमचं १७.२ हे त्या फुगलेल्या किलोमीटरांचं होतं. नवीन टायर टाकल्यावर तो १०० ला १०० दाखवायला लागला. पेट्रोल तेवढंच जळूनही अ‍ॅव्हरेज २ टक्क्यांनी खाली.

हे तपासता येतं. मोकळ्या रस्त्यावर मोबाइलच्या जीपीएसवर २०-३० किमी मोजा आणि ट्रिप मीटरशी ताडून बघा. किंवा हायवेला किलोमीटरचे दगड असतात ते बघा.

---

निळीहॅचबॅक

एकेक करून सांगते.

हवा बघितली, चारही टायरमध्ये ३-४ पीएसआय कमी होती, भरली. चाकं बघितली, चारही सारखीच कोमट, गाडी छान घरंगळते, म्हणजे ब्रेक नाही. ऑइल बिलावर ५डब्ल्यू-३० आहे, बरोबर आहे. शाळेसमोर गाडी बंदच करते. जीपीएसने मोजलं, ट्रिप मीटर जवळजवळ तंतोतंत जुळतो, म्हणजे आकडेमोड म्हणतात तसं आधीचं १७.२ फुगीर होतं, हे मला फार आवडलं, असा विचार कधी केलाच नव्हता.

पण अजून एक. या सुट्टीत मुद्दाम लांब हायवेला गेले, ८०-९० ने निवांत, आणि जाऊन-येऊन टाकी मोजली तर १५.६ च आलं. जुन्या काळी याच रस्त्याला याच वेगात १८ च्या वर मिळायचं. छोट्या खेपांचं मला पटलंय पण लांबच्या रस्त्याला तर गाडी गरम होती ना? मग इथे का पडावं?

---

टर्बोलॅग

वरती कॅरिअर वगैरे लावलंय का? हायवेला त्याने जबरदस्त फरक पडतो, हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० ऐवजी १०० ने गेलं तर तो दीडपटीच्याही वर जातो. आणि थंड हवा दाट पण असते, १० अंशाची हवा ३० अंशाच्या हवेपेक्षा साधारण ७ टक्के दाट.

---

निळीहॅचबॅक

कॅरिअर नाही. डिकीत पण काही नसतं, स्टेपनी आणि जॅक सोडून.

---

पानापकड

हा तुमचा हायवेचा आकडा फार कामाचा आहे. दाट हवा, नवीन टायर हे सगळं धरलं तरी १८ चं १५.६ होत नाही. म्हणजे गाडीत काहीतरी आहे, आणि ते गाडी चालताना जाणवत नाही, आवाज करत नाही, लाइट लावत नाही.

एक विचारतो. तुमच्या मीटरवर तापमानाचा काटा आहे का? असेल तर आठवून सांगा, नाहीतर पुढच्या वेळी नीट बघा, तो कुठे असतो. मोकळ्या रस्त्यावर जाताना आणि मग सिग्नलला अडकल्यावर, दोन्ही वेळी.

आणि हीटर लावल्यावर हवा कडक गरम येते की कोमट?

---

निळीहॅचबॅक

काटा आहे. मी कधी लक्ष दिलं नव्हतं पण काल बघितलं. मोकळ्या रस्त्यावर मधल्या खुणेच्या बराच खाली असतो, आणि ट्रॅफिकमध्ये थांबलं की हळूहळू मध्यावर येतो, परत वेग घेतला की परत खाली. मला वाटलं वारा लागतो म्हणून चांगलंच आहे, इंजिन थंड राहतंय.

हीटर कोमट येतो हो! मला वाटत होतं थंडीच जास्त आहे.

---

पानापकड

सापडलं बहुतेक. थर्मोस्टॅट उघडा अडकलाय.

इंजिन आणि रेडिएटरच्या मध्ये एक छोटी झडप असते, आत मेण भरलेली डबी आणि एक स्प्रिंग, बस. इंजिन गार असताना ती बंद असते, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. ८० ते ९० अंशाच्या आसपास मेण वितळून फुगतं, झडप उघडते, कूलंट रेडिएटरकडे जातं. ती झडप उघडीच अडकली की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये. मोकळ्या रस्त्यावर समोरून वारा लागतो, रेडिएटर जोरात थंड करतो, इंजिन तापमानाला पोचतच नाही. ट्रॅफिकमध्ये वारा थांबला की तापतं. तुमचा काटा अगदी हेच सांगतोय. चांगल्या थर्मोस्टॅटची गाडी एकदा मध्यावर आली की हायवेला काय आणि सिग्नलला काय, काटा तिथून हलत नाही.

इंजिन थंड राहणं चांगलं असं वाटतं खरं, पण ईसीयूला ६५-७० अंश दिसत राहिले तर तो गाडी अजून तापतेय असंच समजतो. ऑइल घट्टच राहतं, सिलिंडरच्या भिंती गार, त्यातून उष्णता वाया जाते. छोट्या खेपांना तर दुहेरी मार, आधीच गाडी तापायला वेळ नाही आणि त्यात तापूच देत नाहीये. शिवाय न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये उतरत राहते, ती उडून जायला इंजिन नीट तापावं लागतं. म्हणून हे नुसतं अ‍ॅव्हरेजचं प्रकरण नाही, जास्त दिवस असंच ठेवू नका.

लाइट का पेटला नाही, तर पी०१२८ नावाचा कोड असतो यासाठी, ठरलेल्या वेळात इंजिन तापलं नाही की येतो. पण झडप अर्धवट उघडी असेल तर तापमान कसंबसं त्या मर्यादेला पोचतं आणि कोड येत नाही. लाइट नाही म्हणजे सगळं ठीक, असं नसतं.

खात्री करायची असेल तर छोटा ओबीडी स्कॅनर मिळतो, स्टीअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा, मोबाइलवर कूलंटचं तापमान आकड्यात दिसतं. काटा अंदाज देतो, हा नेमकं सांगतो. ज्यांच्या गाडीत काटाच नाही, नुसता निळा दिवा आहे, त्यांनी तर हेच करावं. गरम गाडीला ८५ ते १०० च्या मध्ये कुठेतरी दिसायला हवं. स्कॅनर लावलाच आहे तर लाँग टर्म फ्युएल ट्रिमपण (ईसीयू ठरलेल्या पेट्रोलमध्ये किती टक्के कमीजास्त करतोय तो आकडा) बघून घ्या, शून्याच्या आजूबाजूला हवा, उणे अधिक १० च्या बाहेर असेल तर ऑक्सिजन सेन्सर, हवेची गळती, इंधनाचा दाब यांच्याकडे बघावं लागतं. ऑक्सिजन सेन्सर गेला तर अ‍ॅव्हरेज पार झोपतं, पण तुमची लक्षणं ती नाहीत.

एक विनंती, रेडिएटरचं झाकण गरम गाडीला उघडू नका, आत दाब असतो, उकळतं कूलंट अंगावर येतं. थर्मोस्टॅट बदलताना कूलंट परत भरायचं आणि हवा काढायची असते, ते काम करणाऱ्याकडेच द्या.

---

डिझेलप्रेमी

वाचनखूण साठवली. डिझेलवाल्यांसाठी माझे दोन शब्द. आमच्या नव्या गाड्यांत याच्या जोडीला डीपीएफ असतो, धुरातली काजळी साठवणारा फिल्टर. तो भरला की गाडी स्वतःच जास्त डिझेल जाळून एक्झॉस्ट तापवते आणि काजळी जाळते, त्या वेळी अ‍ॅव्हरेज धाडकन पडतं, आयडल जरा वर जातं, फॅन चालू राहतो. लांबच्या रस्त्याला ते पूर्ण होतं आणि बरेच दिवस बघायला नको. छोट्या खेपांना अर्ध्यात गाडी बंद होते, पुढच्या खेपेला परत सुरू, परत अर्धवट. डिझेल गाडीचं शहरात अ‍ॅव्हरेज एकदम पडलं तर आधी एकदा गाडी हायवेला अर्धा-पाऊण तास सलग चालवून बघा.

---

निळीहॅचबॅक

पानापकड, तुमचे किती आभार मानू कळत नाही.

ओळखीच्यांकडून स्कॅनर आणला. मोकळ्या रस्त्यावर ६८ ते ७२, ट्रॅफिकमध्ये ८८, परत वेग घेतला की डोळ्यांदेखत ८५, ८०, ७५ करत खाली. ट्रिम अधिक ३, म्हणजे तिकडे काही नाही. थर्मोस्टॅट बदलून घेतला. जुना हातात मागून घेतला, गार असतानाच झडपेच्या कडेला नख जाईल एवढी फट होती, नवा शेजारी धरला तर घट्ट बंद.

त्यानंतर आता बऱ्याच टाक्या झाल्या, सगळे लिटर एकत्र करून १५.९ येतंय, याच शाळा-ऑफिसच्या खेपांवर. हायवेला परत त्याच रस्त्याने जाऊन आले, १७.४. काटा मध्यावर गेला की तिथून हलत नाही आणि हीटर इतका गरम येतो की कमी करावा लागतो.

आता राहिलेला फरक धरायचा का सोडायचा?

---

आकडेमोड

लिटरमध्ये मांडा. ६.९ होतं, आता १५.९ म्हणजे ६.३. थर्मोस्टॅट आणि हवा मिळून ०.६ परत आले. जुनं ५.८, पण ते ओडोमीटरच्या २ टक्के फुगीर किलोमीटरांवर होतं, खरं ५.९ (१७.२ ला १.०२ ने भागा, १६.९ येतं). म्हणजे उरले ०.४. नवीन टायरचा जडपणा, थंडी, आणि मुख्य म्हणजे हायवे जाऊन आलेल्या छोट्या खेपा, या तिघांना मिळून १०० किमीला ०.४ लिटर अजिबात जास्त नाही, उलट कमीच वाटतंय.

तेव्हा आता १७.२ शी तुलना बंद करा, ते दुसऱ्या रस्त्याचं, दुसऱ्या टायरचं होतं. १५.९ हा या कामाचा तुमचा नवा आकडा. उन्हाळा लागला की थोडा वर जाईल, एसी सुरू झाला की परत थोडा खाली येईल, छोट्या खेपांना एसी जास्त खातो कारण तापलेली गाडी थंड करण्यातच खेप संपते. नोंदी चालू ठेवा आणि दर वर्षी त्याच महिन्याचा आकडा त्याच महिन्याशी ताडा.

---

पानापकड

बरोबर. हवा महिन्यातून एकदा बघत जा, आणि थर्मोस्टॅट बदलला त्या दिवशीचं ओडोमीटर वहीत लिहून ठेवा. कूलंटची पातळी काही दिवस गार गाडीला बाटलीत बघत राहा, आत हवा राहिली असेल तर ती निघून पातळी थोडी उतरते, मिनिममच्या खाली गेली तर तेच कूलंट भरा, नुसतं पाणी नको.

---

निळीहॅचबॅक

आजच बघितली, मॅक्सच्या जरा खाली आहे. रविवारी परत बघते.